आधी पोट तपासून घे

पुणे

प्रिय मंजू,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं ठरवलं. दिराच्या लग्नाआधी चरबी गोठवायचं पॅकेज घ्यायचं म्हणतेस. मंजू, एवढ्यात नको. बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितंय. दूध पाजणाऱ्या बायकांवर या उपचाराची पुरेशी तपासणी झालेली नाही, म्हणून जबाबदार डॉक्टर दूध सुटेपर्यंत थांबायला सांगतात. तुझ्या क्लिनिकने हे विचारलंसुद्धा नाही, याचाच मला राग आलाय.

उपचार खोटा नाही. आइसकँडी चोखणाऱ्या मुलांच्या गालातली चरबी थंडीने दुखावते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. त्यावरून बोस्टनच्या डॉ. मॅनस्टाइन आणि डॉ. अँडरसन यांनी ही पद्धत काढली. 2010 मध्ये अमेरिकेत कमरेच्या बाजूंसाठी आणि 2012 मध्ये पोटासाठी तिला परवानगी मिळाली. मशीनचा कप चरबीची वळी ओढून घेतो आणि गारठवतो. त्वचा वाचते, चरबीच्या पेशी मरतात आणि शरीर त्या हळूहळू बाहेर टाकतं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि त्या जागेची चरबी साधारण 20 ते 25 टक्के कमी होते. वजन मात्र उतरत नाही. सैल कातडी आवळत नाही, पोटावरचे व्रणही जात नाहीत. क्वचित उलटंच होतं, तिथली चरबी वाढून घट्ट गोळा बनतो. लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलने 2021 मध्ये आपल्याबाबत हेच झाल्याचं जाहीर सांगितलं होतं.

पण माझी खरी शंका वेगळीच आहे. तुझं पोट चरबीने सुटलंय की स्नायू फाकल्यामुळे? माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या कितीतरी बाळंतिणी हातापायांनी बारीक असतात आणि तरी चौथा महिना असल्यासारख्या दिसतात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात आणि मधला पडदा ताणला जातो. तो कुठल्याही थंडीने जुळत नाही.

आज रात्री बाळ झोपलं की बघ. उताणी झोप, गुडघे वाकव, तळवे गादीवर टेकव. बेंबीच्या जरा वर बोटांची टोकं दाबून ठेव आणि डोकं, खांदे हळूच उचल. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे दोनपेक्षा जास्त बोटं मावली, किंवा मधोमध लांबट उंचवटा वर आला, तर ते फाकलेले स्नायू. मग सिट-अप्स अजिबात काढू नकोस. श्वास सोडताना ओटीपोट आत घ्यायच्या साध्या व्यायामापासून मी सुरुवात करून देईन. बेंबी बाहेर आली असेल तर हर्निया नाही ना, हे आधी सर्जनना दाखव.

स्नायू घट्ट करणारं चुंबकाचं मशीनही क्लिनिकवाले सुचवतील. तू तांबी बसवली आहेस ना? शरीरात धातू असेल तर ते चालत नाही. हे ठणकावून सांग.

दूध सुटल्यावर, वजन स्थिरावल्यावर, मूठभर चरबी हटत नसेल आणि तुला स्वतःला ती नको वाटत असेल, तर खुशाल कर. मी चांगल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे स्वतः घेऊन जाईन. पण मांडवात जाऊबाई काय म्हणतील म्हणून हजारो रुपये भरायचे, हे मला पटत नाही. सिझरचा टाका अजून ओढतोय तुझा. रात्री तीनदा उठतेस. त्या पोटाने नऊ महिने काय पेललंय, हे मला ठाऊक आहे, दवाखान्यात तुझा हात धरून मी बसले होते.

खरेदीला पुण्याला येशील तेव्हा बाळाला घेऊन माझ्याकडेच उतर, नीट तपासते. पैठणीचा ब्लाउज आत्ताच्या मापाने टाक, हूक पुढे लावायला सांग म्हणजे पाजायला सोपं जाईल, आणि शिंप्याला आत माया भरपूर ठेवायला सांग.

काकूंना नमस्कार, बाळाला पापा.

तुझीच,
वैशाली