पार्सल एकाच्या नावावर, दारात दुसराच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मागच्या आठवड्यात एका वाचकाची तक्रार छापून आली. मेसेजमध्ये डिलिव्हरी बॉयचे नाव एक, दारात आला तो दुसराच. त्याने ओटीपी मागितला आणि तिथेच उभे राहून फोनवरून तिसऱ्याच कुणाला तरी सांगितला. असल्या कारभारावर विश्वास कसा ठेवायचा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना शंका आली यात वावगे काही नाही. कुणाचे तरी खाते रिकामे झाल्याची बातमी आपल्याच पेपरात रोज असते. पण त्यांच्या दारात उभा राहिलेला तो दुसरा पोरगा बहुतेक माझ्यासारखाच कुणीतरी असणार, म्हणून हे पत्र.

मी राळेगाव तालुक्यात पार्सल वाटतो. घरची तीन एकर कोरडवाहू आहे, ती मोठा भाऊ पाहतो. कापूस आणि तुरीवर दोन चुली चालत नाहीत म्हणून मी दुचाकीवर. सकाळी जिल्ह्याच्या गावाहून बॅगा येतात. हबमध्ये, म्हणजे पार्सलांच्या गोदामात, गावागावाची वाटणी होते आणि ज्याने त्याने आपली पार्सले स्कॅन करून घ्यायची. एकदा स्कॅन झाले की पार्सल त्या पोराच्या आयडीवर चढले. त्यानंतर फुटले, हरवले, रोख कमी भरली, सगळे त्याच्या डोक्यावर. पगार नाही, पोचलेल्या पार्सलमागे ठरलेला दर. न पोचलेल्याचा भोपळा, मग तुम्ही त्या गावात दोनदा जाऊन आला असाल तरी.

कागदावर सगळे रूट सारखे दिसतात. वडकीचा रूट हायवेवरचा. नागपूर-हैदराबादचा ४४ नंबरचा रस्ता, दुकानदार दुकानात, फोन पहिल्या रिंगला उचलतात. तेवढीच पार्सले बोराटी-सराटीकडच्या पोराला दिली तर त्याचा दिवस मावळतो. पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी काळी माती मडगार्डमध्ये इतकी बसते की चाक फिरत नाही. काडी घेऊन ती उकरायची, चार पावले गाडी ढकलायची, परत उकरायची. वेचणी सुरू झाली की अख्खे गाव कापसात. दुपारी फोन लावला की उत्तर ठरलेले, “भाऊ, वावरात आहो मी, संध्याकाळी या ना बाप्पा.” संध्याकाळी गेले तर माणूस घरी, पण रेंज नाही. ओटीपी यावा म्हणून शाळेच्या ओट्यावर चढलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यात मोबाईलचे पार्सल असले तर खोका ग्राहकासमोर उघडायचा, फोटो काढायचे, ते नेटवर्कशिवाय वर जात नाहीत. घेतलेला ड्रेस परत करायचा असेल तर त्याचा टॅग तपासायचा, साईज जुळवायची, मागे आजी उभी राहून सांगत असते की कापडच पातळ होते. एका घरात वीस मिनिटे गेली की पुढची पाच घरे अंधारात जातात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये लोड वाढतो, तेव्हा तर विचारूच नका.

मग संध्याकाळी फोन सुरू होतात. ज्याचा रूट आधी आटोपला तो बाकीच्यांना लावतो, “किती राहिले बे तुझे?” पलीकडून “पंचवीस-तीस” आले की गाडी घराकडे वळत नाही, फाट्याकडे वळते. फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर, बल्बच्या उजेडात, दुचाकीच्या सीटवर पार्सले मांडली जातात. आम्ही ती गावावर वाटत नाही, घरांवर वाटतो. कुणाचे घर रस्त्याला लागून, कुणाकडे कुत्रा मोकळा, कोण रोख देतो, कोणाचे फोनपे रात्री अडकते, हे ज्याचा रूट त्यालाच ठाऊक. तो बोलत जातो आणि मदतीला आलेला पार्सलवरच पेनाने खरडतो: ‘निळे दार’, ‘पाटलाच्या मागे’, ‘सून घेते, सासऱ्याला देऊ नये’. रोखीची पार्सले शक्यतो मूळ पोरगा स्वतःच्या बॅगेत ठेवतो, कारण रात्री हबमध्ये रक्कम त्याला भरायची आहे. तरी दोन-चार दुसऱ्याकडे जातातच. तेवढ्यांची रक्कम वहीच्या मागच्या पानावर लिहायची. सही नाही, साक्षीदार नाही. या पैशावरून आमच्यात कधी भांडण झालेले मला आठवत नाही. पेट्रोलवरून झालेली आहेत, आणि चहाचे कोणी द्यायचे यावरून तर रोज.

आता वाचकांना पडलेला प्रश्न. मदतीला गेलेल्याच्या अॅपमध्ये ते पार्सल नसतेच. ते मूळ पोराच्या अॅपमध्ये आहे, आणि तो पाच मैलांवर दुसऱ्या गावात. म्हणून ग्राहकाने सांगितलेला ओटीपी फोनवरून त्याला कळवायचा, त्याने आपल्याकडे टाकायचा, मग इकडे पार्सल हातात द्यायचे. तुमच्या दारात जो ‘तिसराच’ फोनवर होता तो हाच. खरे तर पार्सल ज्याच्या नावावर आहे तो.

रात्री एकट्याला सोडायचे नाही यालाही आमच्याकडे कारण आहे. २०१८ साली याच बोराटी-सराटी-लोणीच्या भागात टी-१ वाघिणीचा धाक होता. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिला गोळी घातली तेव्हा देशभर वाद झाला. आमच्या भागातल्या माणसाला त्या वादापेक्षा दिवस मावळायच्या आत ढोरे घरी आणायची घाई जास्त आठवते. वाघीण गेली तरी टिपेश्वरचे जंगल जवळच आहे, पट्टेदार फिरल्याच्या खबरा येत राहतात. आणि वाघ कधीतरी. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर रोजचे. तुरीतून रोह्यांचा कळप निघतो तेव्हा पहिला रोही दिसतो, तुम्ही ब्रेक मारून त्याला जाऊ देता, गाडी उचलता आणि दुसरा अंगावर येतो. मागच्या हंगामात आमच्यातल्या एकाची गाडी अशीच आडवी गेली. खांदा निखळला. नेमका त्या वेळी तो दुसऱ्याची पार्सले घेऊन निघालेला होता.

इथेच माझे खरे म्हणणे सुरू होते. ग्रामीण रुग्णालयात त्याचा खांदा बसवून झाला आणि दुसऱ्या दिवशी हबमध्ये प्रश्न आला की तो तिकडे गेलाच कशाला. त्याचा रूट तर साडेपाचला पूर्ण झालेला अॅपमध्ये दिसत होता. म्हणजे पडला तेव्हा तो कामावर नव्हता! विम्याचे कागद त्या एका वाक्यावर अडले. हब कोणत्या कंपनीचा ते मी लिहीत नाही. मलाही उद्या सकाळी तिथेच स्कॅन करायचे आहे. शिवाय बाकीचे हब याहून वेगळे असतील असे मला वाटत नाही. दुसऱ्या हबमधली पोरे भेटतात, तीही हेच सांगतात.

लोक आमचे कौतुक करतात. एका पोराने फाट्यावरच्या वाटणीचा व्हिडिओ काढून टाकला होता, त्याखाली ‘याला म्हणतात माणुसकी’ वगैरे पुष्कळ काही लिहून आले. मला ते कौतुक पचत नाही. कारण सांगतो. ज्या रूटवर सत्तर पार्सले एका माणसाच्याने होत नाहीत, तिथे आम्ही दोघे मिळून ती रात्री नऊपर्यंत करतो. वर जिल्ह्याला काय दिसते? एका आयडीने सत्तर पूर्ण केली. मग पुढच्या आठवड्यात त्याच रूटला पंच्याहत्तर येतात, आणि नवीन पोरगा घ्यावा हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मदत करणाऱ्याचे पेट्रोल त्याचे स्वतःचे, दर मात्र ज्याच्या आयडीवर पार्सल त्याला. तो बिचारा आपल्या दरातले पैसे महिन्याच्या शेवटी काढून देऊ करतो, आपण ‘राहू दे’ म्हणतो. आमच्या ‘राहू दे’वर कुणाचा तरी खर्च वाचतो आहे.

मदत थांबवावी असेही कुणी सुचवेल. ती थांबली तर काय होते ते वाचकांना माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. तुम्ही ओसरीवर बसलेले असता आणि फोनवर मेसेज येतो, ‘आम्ही येऊन गेलो, ग्राहक उपलब्ध नव्हते’. कोणी आलेले नसते. रात्री नऊला बॅगेत वीस पार्सले उरलेला आणि मदतीला कोणी नसलेला पोरगा तो शेरा मारतो, कारण ‘वेळ पुरला नाही’ असा शेरा मारायची अॅपमध्ये सोयच नाही. हे चूक आहे, आणि ज्या हबमध्ये पोरे एकमेकांना धरून असतात तिथे ते कमी होते, एवढे मी पाहिलेले आहे.

मग करायचे काय? एसटी रस्त्यात बंद पडली तर कंडक्टर मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवतो आणि त्याच तिकिटावर सगळ्यांना तिच्यात बसवून देतो. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला कुणी विचारत नाही की हे प्रवासी तुझे कसे. तेवढीच सोय आम्हाला हवी. फाट्यावर उभ्या उभ्या एकाच्या आयडीवरचे पार्सल दुसऱ्याच्या आयडीवर घेता आले पाहिजे. सकाळी हबमध्ये इंचार्ज ते करू शकतो, म्हणजे यंत्रणेत सोय आहे. संध्याकाळी रस्त्यावर ती बंद असते. ती उघडली की ओटीपी योग्य माणसाच्या फोनमध्ये जाईल, मेसेजमध्ये नाव दारातल्या माणसाचे येईल, दर पोचवणाऱ्याला मिळेल आणि तो पडला तर कामावर असताना पडला हे दिसेल. शिवाय कोणत्या रूटला रोज दुसरा माणूस लागतो तेही वर कळेल. मला वाटते सोय न देण्याचे कारण नेमके हेच शेवटचे असावे. कोणी खोडून काढले तर आनंदच आहे.

कायद्याने आता आम्हाला नाव तरी दिले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे पगारावर न राहता अॅपवरून कामापुरते काम करणारे, अशी नोंद आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायची आहे. त्यातून अपघात, आरोग्य, म्हातारपण यांच्या योजना व्हायच्या आहेत. ई-श्रमचे, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचे, कार्ड आमच्यातल्या बऱ्याच जणांनी काढले. पण आमच्यासारख्यांची नेमणूक कंपनीकडून नाही, मधल्या व्हेंडरकडून. आणि ज्याचे काम अॅपमध्ये उमटतच नाही त्याचा अपघात योजनेत कसा बसवायचा? कामगार खात्याचे अधिकारी हे सदर वाचत असतील तर त्यांनी एखाद्या संध्याकाळी तालुक्याच्या फाट्यावर येऊन पाहावे. सात ते आठ ही वेळ बरी. वणी, पांढरकवडा, घाटंजी, कुठेही चालेल.

तक्रार करणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे की तुम्ही विचारले ते बरे केले. पुढच्या वेळी अनोळखी पोरगा आला तर त्याला विचारा, हे पार्सल कोणाच्या रूटचे, आणि मेसेजमध्ये जो नंबर आहे त्यावर स्वतः फोन लावून खात्री करा. खरा असेल तो दोन मिनिटे थांबेल, रागावणार नाही. पार्सल डोळ्यांसमोर, त्यावर तुमचे नाव, तेव्हाच ओटीपी सांगा. नुसत्या फोनवर मागणाऱ्याला मुळीच नाही, मग तो माझे नाव सांगो की आणखी कोणाचे. आणि रात्री आठला आलो तर फाटकावरचा लाइट तेवढा लावत जा.

नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक डिलिव्हरी बॉय
ता. राळेगाव, जि. यवतमाळ