सूचना : शालेय फुटबॉल हंगाम, पालक व खेळाडूंसाठी

पावसाळी सामने सुरू होताहेत. गांधी मैदानात पाणी साचलं की सराव बंद. ग्रुपवर तसं कळवू, पोरांनी परस्पर जाऊ नये.

शिनगार्ड (नडगीवरचं संरक्षक कवच) नसेल तर पंच मैदानात घेत नाहीत. मोज्यावर टेप लावायची तर ती मोज्याच्याच रंगाची. हातातला दोरा, गंडा, कडं, अंगठी घरीच काढून या. वर टेप गुंडाळून चालत नाही, फुटबॉलच्या नियमावलीतला नियम 4 (खेळाडूंचं साहित्य) तसंच सांगतो. दरवर्षी कुणीतरी टचलाईनवर दाताने दोरा तोडत बसतो!

बूट : चिखल लगेच धुवा, इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा गिझरवर वाळवू नका, डिंक सुटून सोल पुढून उघडतो. स्टड (तळाची बोंडं) झिजले असतील तर आत्ताच बघा. काळ्या चिखलात पाय सरकतो आणि गुडघा मुरगळतो.

17 वर्षांखालील संघाचा चेंडू 5 नंबरचा, हवा 0.6 ते 1.1 बार. अंगठ्याने दाबून अंदाज नको, गेज किटबॅगेत आहे.

जेवण सामन्याआधी तीन तास. मिसळ नंतर.

जन्मदाखला व आधारची झेरॉक्स शनिवारपर्यंत द्या. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच हवं.