आई, गोळी मधेच सोडायची नाही

पुणे
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई दोन वाक्यांत "जाऊ दे, तू जेवली का?" वर येते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन गोठ्याकडे निघून जातात. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवा. ओसरीवर कोणी बसलेलं असताना मात्र नको.

ठरलंय ते आधी सांगते. सेवाग्रामच्या मानसोपचार डॉक्टरांशी बोलणं झालं. आईची एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे घबराटीच्या झटक्यांवरची गोळी, सोमवारपासून परत सुरू करायची, 5 मिलिग्रॅमपासून. तिला पुण्याला आणायचं नाही. मामी रविवारच्या बसनं येईल आणि नवरात्र उठेपर्यंत राहील. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून राग येईल, येऊ द्या. विचारलं असतं तर "दसरा होऊ दे, कापूस घरात येऊ दे" झालं असतं, आणि तोवर आईनं बसस्टँडवर जाणंही सोडलं असतं.

पुण्याला का नाही, तर गोळीचे पहिले पंधरा दिवस त्रासाचे असतात. त्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावर, अनोळखी दारांमध्ये, दिवसभर एकटीनं बसण्यापेक्षा आपली चूल, आपली तुळस आणि खिडकीखालची आपली खाट बरी. तुला टाळायचं म्हणून नाही गं आई. तू इथं असतीस तर मला रोज तुझ्या हातचा गोळाभात मिळाला असता, नुकसान माझंच आहे. दिवाळीनंतर ये, थंडीत, बाबांना घेऊन.

आता दुखण्याचं. ईसीजी, ट्रोपोनिन, टूडी एको या हृदयाच्या तपासण्या आणि थायरॉईड, सगळं नीट आलंय. म्हणून "काही झालं नाही" असं मी म्हणणार नाही. झालंय. छाती धडधडते, घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मी मरते असं वाटतं, हे सगळं खरं आहे. वावराची राखण करणारा कुत्रा वाऱ्यानं पऱ्हाटी हलली तरी चोर आल्यासारखा भुंकतो, तसं शरीर संकट नसताना अड्रेनॅलिन, म्हणजे घाबरल्यावर सुटणारं रसायन, सोडतं. मग आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानंच मुंग्या, चक्कर, ओठ बधिर होणं सुरू होतं. त्याची भीती वाटते, श्वास आणखी वाढतो. हा झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि वीस-तीस मिनिटांत उतरतो. कोणी काही केलं नाही तरी उतरतो. म्हणून अंगाऱ्यानं उतरला, लिंबानं उतरला, असं सगळ्यांना वाटतं. भगताकडे गेलात त्याबद्दल मी काही म्हणत नाही. फक्त परत त्यासाठी पैसे काढू नका.

झटका आला की आईनं भिंतीला पाठ टेकून खाली बसायचं, पाय जमिनीवर. नाकानं चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, ओठांचा चंबू करून सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर. खोल नको, हळू. "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" असं सगळे ओरडतात, त्यानंच मुंग्या वाढतात. बाहेर सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं असंच. आकडे बाबांनी मोजायचे, रोजच्या आवाजात, खाली तिच्या बाजूला बसून. तोंडावर पाणी मारायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, पिशवीत श्वास घ्यायला लावायचं नाही, शेजारच्या बायांचं रिंगण होऊ द्यायचं नाही. श्वासाचा सराव मात्र बरं असताना करायचा, सकाळी आणि रात्री. ऐन झटक्यात नवीन काही शिकता येत नाही.

दवाखान्यात केव्हा पळायचं तेही लिहिते, नाही तर तुम्ही दोघं सगळंच "घबराट" म्हणून अंगावर काढाल. चालताना किंवा ओझं उचलताना छाती दाबल्यासारखी दुखली, कळ जबड्यात किंवा हातात गेली, अर्ध्या तासात उतरली नाही, किंवा नेहमीपेक्षा वेगळंच वाटलं, तर 108. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एकाच बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तरी 108. झटक्यातल्या मुंग्या बहुधा दोन्ही हातांना असतात, अर्धांगाचं लक्षण एका अंगाला असतं, एवढं लक्षात ठेवा. आणि फवारणीच्या दिवसांत आईनं वावरात पाय ठेवायचा नाही, टाकीत पाणी भरायलाही नाही. विषबाधेतही घाम येतो, श्वास लागतो, पण सोबत तोंडातून लाळ येते, उलटी-जुलाब होतात, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं उजाड झाली ते आपण पाहिलंय. बाबा, मास्क आणि हातमोजे खुंटीला टांगून ठेवू नका, घाला.

आता गोळी. आई, तू पाचव्या दिवशी सोडलीस, "मळमळ होते आणि धडधड उलट वाढली" म्हणून. दोन्ही खरं होतं. या गोळ्यांनी पहिला आठवडा-दहा दिवस मळमळ, डोकं जड होणं, पातळ शौचाला होणं, झोप उडणं किंवा नको तितकी येणं, असं होतं. आणि झटके येणाऱ्या माणसाला सुरुवातीला अस्वस्थपणा वाढल्यासारखाही वाटतो. म्हणूनच 10 नं सुरुवात न करता 5 नं करतात. बहुतेक त्रास दोन आठवड्यांत ओसरतो, पण फायदा जाणवायला चार ते सहा आठवडे लागतात, झटके पुरते आटोक्यात यायला कधी तीन महिने. म्हणजे ज्या दिवसांत त्रास जास्त आणि फायदा शून्य, नेमक्या त्याच दिवसांत तू सोडलीस. बरेच लोक तिथंच सोडतात. औषधांच्या दुकानात मी रोज बघते, अर्धी राहिलेली स्ट्रिप परत घ्या म्हणतात.

सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायची. नुसत्या चहावर नाही, अर्धी भाकरी तरी पोटात हवी. झोप उडाली तर सकाळचीच वेळ ठेवा, दिवसा पेंग आली तर रात्रीच्या जेवणानंतर करा, पण रोज एकच वेळ. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घे. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची विसर, दोन घेऊ नको. मळमळीसाठी आल्याचा तुकडा चघळ. उलटीची गोळी मेडिकलमधून मनानं आणायची नाही, त्यातल्या काही या गोळीसोबत घेतल्या तर हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. डॉक्टर दोन आठवड्यांनी बघून 10 करतील. तुझ्या वयात त्याच्या वर सहसा नेत नाहीत.

गोळीची सवय लागलेल्या शेंदुरजन्याच्या मावशीचं उदाहरण परत देऊ नका. तिची गोळी अल्प्राझोलामची होती. ती लगेच गुण देते, म्हणून माणूस मागत राहतो, आणि तीच सवय लावते. ही गोळी तशी मागावीशी वाटत नाही. आईला त्या जातीतली एक दिलीय, क्लोनाझेपाम 0.25, रात्री, फक्त पहिल्या पंधरा दिवसांसाठी, पुढं डॉक्टर सांगतील तशी कमी करून बंद. त्या गोळीवर रात्री उठताना तोल जातो, म्हणून मोरीकडचा दिवा चालू ठेवा आणि खाटेवरून उठताना आधी क्षणभर बसायचं. आणि आई, ती गोळी पदराच्या गाठीत बांधून फिरायचं नाही. मामीनं मला सांगितलंय.

एस्सिटॅलोप्रॅमची सवय लागत नाही म्हणजे ती कधीही सोडता येते असं नाही. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, आणि लोक म्हणतात "बघा, गोळीनं लत लावली". बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर घ्यायची, मग डॉक्टर आठवड्या-आठवड्यानं कमी करतील. स्ट्रिप संपायच्या आठ दिवस आधी मला सांगा. गावातल्या मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची दिली तर घाबरू नका, खालचं बारीक नाव एस्सिटॅलोप्रॅम आहे का तेवढं बघा.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे आणि ती कोणी बोलत नाही. साठीनंतर या गोळीनं रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. आईच्या बीपीच्या गोळीत "एच" होतं, ते लघवी वाढवणारं औषध, त्यानंही सोडियम उतरतं. दोन्ही एकत्र नकोत म्हणून डॉक्टरांनी आता साधी टेल्मिसार्टन 40 लिहून दिलीय. जुनी "एच" वाली स्ट्रिप बाबांनी आजच्या आज काढून घ्यावी, नाही तर आई "पैसे गेले" म्हणून दोन्ही संपवेल. सोमवारी गोळीच्या आधी रक्त द्यायचं, सोडियम आणि पोटॅशियम. परत पंधरा दिवसांनी. मधल्या काळात डोकं सतत दुखलं, पायांत गोळे आले, चालताना झोकांड्या गेल्या, ती भलतंच बोलायला लागली किंवा गुंगीत राहिली, तर ते गोळीचं सुरुवातीचं दुखणं समजू नका. त्याच दिवशी तपासणी.

म्हणून नवरात्राचं बोलते. आई, नऊ दिवसांचा उपवास यंदा नाही. दुसरी तपासणी ऐन नवरात्रात येतेय आणि साबुदाणा, चहा आणि तांब्या-तांब्या पाणी यावर नऊ दिवस काढणं म्हणजे सोडियम मुद्दाम उतरवणं. उठता-बसता दोन दिवस कर, तेही मीठ घालून भगर आणि ताक घेऊन. गोळीनं उपवास मोडत नाही. देवीला काही सांगायचं असेल तर माझं नाव सांग. घट बसव, माळा घाल, मामी आहेच हाताशी.

गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक बंद. या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो, शौच काळी झाली तर लगेच सांग. पॅरासिटामॉल 500 चालेल. कोणी दुखण्यावर ट्रामाडॉल लिहून दिलं किंवा खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं औषध दिलं तर "मी एस्सिटॅलोप्रॅम घेते" हे आधी सांगायचं. हे वाक्य पाठ कर, मामीकडून म्हणवून घे.

तोंड कोरडं पडेल, जांभया येतील, घाम येईल, त्यानं काही बिघडत नाही. रडू येत नाही, हसूही येत नाही, सगळं सपाट वाटतं, असं झालं तर मात्र सांग, त्यावर मात्रा बदलता येते. आणखी एक त्रास आहे जो लेकीनं लिहायचा नाही. बाबांनी डॉक्टरांना एकटं गाठून विचारावा, ते दिवसातून दहा जणांना सांगतात.

कडू विषय एकच काढते. "आता जगून काय करायचं" असं मनात आलं, एकदा जरी आलं, तरी ते गिळायचं नाही. मला रात्री कधीही उठव. मी फोन उचलला नाही तर 14416, टेली मानस, ही सरकारी मदतवाहिनी, मराठीत बोलतात, चोवीस तास, फुकट. आणि बाबा, फवारणीच्या औषधांचे डबे घरातून वावरातल्या खोलीत हलवा आणि कुलूप लावा. पोरं येतात-जातात म्हणूनही ते बरं आहे. काकाजींच्या वेळचं मी काढत नाही.

बसचं राहिलं. आईनं बाजार सोडला, भजन सोडलं, आता बस सोडली. जेवढं टाळू तेवढी भीती वाढत जाते, गोळी एकटी ते परत आणत नाही. पहिला आठवडा रोज नुसतं बसस्टँडपर्यंत जायचं, धडधड उतरेपर्यंत तिथंच बसायचं, मग परत. उतरायच्या आधी पळून आलं तर उलट शिकवण मिळते. पुढच्या आठवड्यात एक थांबा, दाराजवळच्या सीटवर, बाबा शेजारी. मग बाबा मागच्या सीटवर. मग आईनं एकटीनं मंगळवारच्या बाजाराला जायचं. घाई नको, पण खाडाही नको. "मले काई होत नाही, तुम्हीच जाऊन या" चालणार नाही. चहा दिवसाला दोनच कप, दुपारनंतर नाही. बाबा, तुमचा खर्रा तिच्यासमोर नको, तीही चिमूट टाकते हे मला माहीत आहे. तंबाखूनं ठोके वाढतात आणि तिला वाटतं झटका आला.

डॉक्टरांनी समुपदेशनासाठीही बोलावलंय, तपासणीच्याच दिवशी, म्हणजे दोन फेऱ्या होणार नाहीत. डबा मामी देईल. पांढऱ्या पिशवीत सगळ्या गोळ्या घेऊन जा, गुडघ्याच्या, गॅसच्या, सगळ्या. रिपोर्टचा फोटो सरळ धरून काढा, अंगठा मधे येऊ देऊ नका.

तुमची,
बाई

ता. क. गॅसच्या गोळीचं वर नीट लिहायचं राहिलं. फडताळातल्या स्टीलच्या डब्यात आहे ती ओमेप्राझोल. तिनं एस्सिटॅलोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. रोज घेऊ नको, डॉक्टरांना दाखव. पँटोप्राझोलनं तसं फारसं होत नाही, बदलून देतील.