गार्दाच्या काठावर जेवताना आधी ‘ब्रोदो कसला?’ हे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत उत्तर इटलीतल्या सरोवरांवर लेख आला. गार्दा आणि कोमोच्या काठावरची हॉटेलं, फेरीबोटी, लिंबाच्या बागा, सगळं वर्णन छान आहे. जेवणाबद्दल मात्र त्यात एवढंच म्हटलंय की शाकाहाऱ्यांनी काळजी करू नये, पास्ता, रिसोत्तो, पिझ्झा आणि चीज सगळीकडे मिळतं. मिळतं हे खरंच. पण महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या सहलींत शाकाहारी असतात, अंडं न खाणारे असतात, कांदा-लसूण वर्ज्य असलेले जैनही असतात. त्यांना या माहितीवर विसंबून टेबलाशी बसता येणार नाही. सहलींची जेवणं ठरवण्याचं काम करणाऱ्या आम्हा दोघांच्या वतीने थोडी भर घालतो.

आधी प्रदेश समजून घेऊ. टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, सुका पास्ता ही आपल्या डोक्यातली इटली बरीचशी दक्षिणेची. आल्प्सच्या पायथ्याशी, पो नदीच्या खोऱ्यात भात आणि मका पिकतो, दूधदुभतं मुबलक आहे, त्यामुळे तिथला स्वयंपाक लोणी, चीज, रिसोत्तो आणि पोलेंतावर उभा आहे. गार्दाकाठी ऑलिव्ह होतात ते सरोवराच्या पाण्याने थंडी सौम्य होते म्हणून. शिवाय हे सरोवर तीन प्रांतांत विभागलेलं. पश्चिम काठ लोम्बार्दियाचा, पूर्व काठ वेनेतोचा, उत्तरेचं टोक त्रेंतिनोचं. दक्षिणेला सिर्मिओनेत जे मेनूकार्डावर दिसतं ते उत्तरेला रीव्हा देल गार्दात दिसेलच असं नाही. तिथे जाऊन पेन्ने अराब्ब्याता हा तिखट पास्ता मागवणं म्हणजे कोल्हापुरात उतरून इडली-सांबार मागवण्यासारखं आहे. मिळेल, पण त्यात स्वयंपाक्याचा जीव नसेल.

आता रिसोत्तो. नाव भाताचं, दिसायला पांढरा नाहीतर पिवळा, म्हणून आपली माणसं बिनधास्त मागवतात. पण हा भात पाण्यात शिजत नाही, ‘ब्रोदो’त शिजतो. ब्रोदो म्हणजे उकळून गाळलेला रस, आणि पारंपरिक पद्धतीत तो गोमांसाचा किंवा कोंबडीचा असतो. मिलानचा प्रसिद्ध केशरी रिसोत्तो तर मुळात बैलाच्या हाडातल्या मगजासकट होतो. वर मशरूम, शतावरी किंवा रादिक्यो ही कडसर पालेभाजी दिसली तरी आतला रस मांसाचा असू शकतो, आणि मेनूत तसं लिहिलेलं असेलच असं नाही. वाढप्याला ‘व्हेज आहे का?’ विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी वरची भाजीच पदार्थ ठरवते. प्रश्न रसाचा विचारायचा. मोठ्या हॉटेलात भाज्यांचा ब्रोदो बहुधा तयार असतो, फक्त आधी सांगावं लागतं.

रिसोत्तो होतो कसा, हे माहीत असलं तर टेबलावरचे निम्मे वाद मिटतात. चार माणसांना साधारण 320 ग्रॅम तांदूळ आणि लिटरभर, थोडा जास्तच, उकळता रस लागतो. तांदूळ कार्नारोली, आर्बोरिओ किंवा वेरोनाजवळचा व्यालोने नानो. तो धुवायचा नाही, कारण दाण्यावरचा स्टार्चच पुढे दाटपणा देतो. लोण्यावर दोन-तीन मिनिटं परतून दाण्याच्या कडा पारदर्शक झाल्या की थोडी वाइन, ती आटली की रस पळी-पळीने. रस गार असला तर शिजणं मध्येच थबकतं, बाहेरून लगदा होतो आणि आत दाणा कच्चा राहतो. सोळा ते अठरा मिनिटांनी पातेलं आचेवरून उतरवून त्यात गार लोणी आणि किसलेलं चीज घोटतात. ताटलीत ओतल्यावर तो लाटेसारखा पसरायला हवा, ढिगासारखा उभा राहिला तर बिघडला. दाण्याच्या मध्यावर बारीकशी कणी मुद्दाम ठेवलेली असते. आपल्याकडे भातात कणी राहिली तर सुगरणीला बोल लागतो, तिथे न राहिली तर स्वयंपाक्याला. म्हणून ‘कच्चा आहे’ म्हणून परत पाठवू नये. अधिक शिजवून आणला की तो ना इंद्रायणीचा मऊ भात होतो, ना रिसोत्तो. मेनूवर ‘किमान दोन माणसांसाठी’ लिहिलेलं असतं, त्यात लबाडी नाही. एका ताटलीपुरता भात पातेल्यात नीट घोटता येत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तरी तो गोळा होतो, तेव्हा फोटोसाठी त्याला ताटकळत ठेवू नये. चाळीस जणांच्या बसला हा पदार्थ ताजा मिळणं अवघड. बरेचदा तो दोन-तृतीयांश शिजवून परातीत पसरतात आणि ऐनवेळी पुरा करतात. गटासाठी आम्ही तो टाळतो.

त्याऐवजी पोलेंता. मक्याचं भरड पीठ, एक किलोला सुमारे चार लिटर पाणी, मीठ, आणि पाऊण तास ढवळणं. मक्याच्या कण्यांचा घट्ट सांजा म्हणा. मांसाचा रस नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. जैन प्रवाशाला गार्दाकाठी इतका निर्धोक दुसरा पदार्थ सापडणं कठीण. फक्त वर रागू, म्हणजे खिमा, ओतू नका आणि चीज वेगळं द्या, हे सांगायचं. पोलेंता ‘तारान्या’ असेल तर त्यात कुट्टूचं (बकव्हीटचं) पीठ आणि चीज आधीच मिसळलेलं असतं.

कोमोच्या बाजूला असाल तर पित्सोक्केरी हा पट्ट्यांचा पास्ता शोधा. कोमोच्या वर वाल्तेल्लिना खोरं आहे, तिथल्या तेल्यो गावचा हा पदार्थ. प्रमाण ठरलेलं आहे: 400 ग्रॅम कुट्टूचं पीठ, 100 ग्रॅम गव्हाचं, बटाटे 250 ग्रॅम, कोबी 200 ग्रॅम, स्थानिक काझेरा चीज 250 ग्रॅम, किसलेलं ग्राना चीज 150 ग्रॅम आणि लोणी 200 ग्रॅम. हे चौघांचं! बटाटा-कोबी उकळत असतानाच त्यात या पिठाच्या रुंद पट्ट्या सोडतात, दहा मिनिटांनी निथळून चीजचे थर देतात आणि लसणीची फोडणी दिलेलं लोणी वरून ओततात. पचायला जड, पण मांसाचा अंशही नाही. उत्तर भारतात कुट्टू उपवासाला चालतं. इथे मात्र गव्हाचं पीठही असतं, हे उपवासवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

राहता राहिलं चीज. पार्मिज्यानो रेज्यानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही नावं कायद्याने संरक्षित आहेत, आणि त्यांच्या ठरलेल्या कृतीत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेटच वापरावं लागतं. ‘शाकाहारी पार्मिज्यानो’ असं काही त्यामुळे असूच शकत नाही. ग्रानामध्ये अंड्यातून काढलेलं लायसोझाइमही बहुधा असतं. भारतात हिरव्या ठिपक्याचं चीज खाऊन सवय झालेल्यांना हे सहसा माहीत नसतं. कुणी इतकं ताणून धरावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांना धरायचंय त्यांना आधी कळायला हवं. मास्कारपोने हे मऊ चीज आम्ल घालून होतं, त्यात रेनेट नसतं. ते घालून केलेल्या तिरामिसू या गोड पदार्थात मात्र अंडी असतात, तीही कच्ची. पान्ना कोत्ता या सायीच्या गोडात जिलेटिन असतं, तेही जनावरांपासूनचं.

ताजा पास्ता उत्तरेत अंड्यातच मळतात, 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. अंडं नको असेल तर सुका पास्ता मागावा. ‘पेपेरोनी’ शब्दाला घाबरू नये, अमेरिकी पिझ्झ्यावर ते मांस असलं तरी इटलीत तो ढोबळी मिरचीसाठी आहे. पिझ्झा ‘मारिनारा’त समुद्रातलं काही नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. चीजही नाही. उलट भाज्यांसोबत येणाऱ्या ‘बान्या काउदा’ या ऊन सॉसमध्ये आंचोवी मासे विरघळवलेले असतात. आणि ‘कार्ने’, म्हणजे मांस, नको म्हटलं तरी स्पेक किंवा पानचेत्ता ताटात येऊ शकतं, कारण मुरवलेलं डुकराचं मांस तिथे वेगळ्या खात्यात मोजतात. त्यांची नावं घेऊनच नको म्हणावं.

मेनूवर पदार्थापुढे बरेचदा 1 ते 14 आकडे असतात. युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक घटक सांगणं बंधनकारक आहे, ते हे आकडे. अंडं, दूध, मासे, सेलेरी सगळं त्यात आहे, पण मांस नाही! आकडे पाहून अंडं ओळखता येतं, गोमांसाचा रस नाही. नावापुढे तारांकित खूण असेल तर तो पदार्थ किंवा त्यातलं काही गोठवलेलं आहे.

मासे खाणाऱ्यांसाठी इतकंच की सरोवराचे मासे गोड्या पाण्याचे आणि मसाल्याविना असतात, कोकणी जिभेला फिके लागतील. अपवाद कोमोचा मिस्सोल्तिनी. आगोने नावाचे मासे खारवून, उन्हात वाळवून, तमालपत्रांसोबत दाबून ठेवतात आणि भाजून व्हिनेगर घालून पोलेंतासोबत देतात. सुक्या बांगड्याची चव आवडणाऱ्यांनी तो चुकवू नये. अख्ख्या माशाचा भाव ‘आल्लेत्तो’ लिहिलेला असेल तर तो 100 ग्रॅमचा. 6 युरो वाचून मागवलेला 800 ग्रॅमचा मासा 48 युरोला पडतो. वजन आधी विचारावं, त्यात कुणी वाईट मानत नाही.

बिलात ‘कोपेर्तो’ ही माणशी रक्कम असते, साधारण 2 ते 4 युरो, ब्रेड आणि मांडणीची. ब्रेड खाल्ला नाही तरी ती लागते. मेनूवर छापलेली असेल तर हुज्जत घालून उपयोग नाही. काही ठिकाणी वर ‘सेर्वित्सिओ’ म्हणजे सेवाशुल्कही लावतात, तिथे टिप देऊ नये. पाण्याची बाटलीही बिलात येते.

रिसॉर्टातल्या मुक्कामात बहुतेक घोळ ‘मेत्सा पेन्स्योने’त होतो. नाश्ता आणि रात्रीचं जेवण दरात धरलेलं, पेय वेगळी. बऱ्याच हॉटेलांत सकाळी नाश्त्याच्या टेबलावर रात्रीचा कागद ठेवतात, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन पर्याय, खूण करून द्यायची. ती न करता माणसं फेरीबोटीवर जातात आणि रात्री जे उरलं ते समोर येतं. जेवण सात-साडेसातला सुरू होतं, नवाच्या सुमारास स्वयंपाकघर आवरायला घेतात. उन्हाळ्यात काठावरच्या अरुंद, बोगद्यांच्या रस्त्यावर बस अडकली की हा सगळा हिशेब कोलमडतो, त्यामुळे त्या दिवशी लांबची फेरी ठेवू नये. टेबलावर बसल्यावर ‘आम्ही शाकाहारी’ म्हटलं तर आचाऱ्यापाशी टोमॅटो पास्ता, ऑम्लेट आणि भाजलेली वांगी-झुकिनी एवढंच असतं. तेच तीन रात्री. याला हॉटेल जबाबदार नाही. किमान 48 तास आधी लेखी कळवावं, तेही आकड्यांत: चाळीसपैकी चौदा जणांना मांस-मासे नकोत, त्यातल्या सहांना अंडंही नको, तिघांना कांदा-लसूणही नको. नुसतं ‘वेजेतारियानो’ लिहिलं तर अंडं आणि पार्मिज्यानो येणारच, त्यांच्या व्याख्येत ते बसतं.

पुढच्या वेळी अशा लेखाशेजारी पुढील वाक्यांची चौकट छापावी, कात्रण पाकिटात ठेवता येईल. रस मांसाचा की भाज्यांचा: ‘इल ब्रोदो ए दि कार्ने ओ वेजेताले?’ पास्त्यात अंडं आहे का: ‘चे उओवो नेल्ला पास्ता?’ स्पेक, पानचेत्ता, आंचोवी नको: ‘सेन्त्सा स्पेक, सेन्त्सा पानचेत्ता, सेन्त्सा आच्चूगे.’ चीजचं रेनेट कसलं: ‘काल्यो आनिमाले ओ वेजेताले?’ लसूण-कांदा नको: ‘सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला.’ काल्यो म्हणजे रेनेट आणि आल्यो म्हणजे लसूण. फरक एका अक्षराचा आहे, तेवढा मुद्रितशोधकांनी सांभाळावा, ही विनंती.

आपले नम्र,
दोन वाचक, ठाणे