सरांच्या जागेवर जाण्याआधी

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

सरांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाहून शनिवारी घरी पोचायला रात्र झाली म्हणून फोन केला नाही, आणि रविवारी मुद्दामच केला नाही. फोनवर मी रागावले असते, तू "काही नव्हतं गं आई" म्हणाला असतास आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सगळं वाच, मग बोल.

ऑगस्टमध्ये खेळाडूंचा सराव चालू असताना तू, त्यांच्या दुखापती सांभाळणारा ट्रेनर, स्वतःच मैदानावर चक्कर येऊन पडलास, हे मला तुझ्या असिस्टंटकडून कळलं. तिचा काही दोष नाही, तिला वाटलं आम्हाला ठाऊकच आहे. "आता बरे आहेत ना ते? घरी आराम करतात का?" असं तिने आपुलकीने विचारलं. मी "हो, हो" म्हटलं आणि खुर्ची शोधून बसले. सलाइन लावावं लागलं होतं, आणि संध्याकाळच्या सत्राला तू पुन्हा मैदानावर हजर होतास, हेही तिच्याकडूनच समजलं. याबद्दल मी जास्त काही लिहिणार नाही. तू मोठा आहेस, तुझं तुला कळतं.

सरांच्या, म्हणजे तुमच्या कॉलेजच्या मुख्य ट्रेनरच्या, निवृत्तीचा कार्यक्रम फार मनापासून झाला. मला वाटलं होतं कॉलेजचे चार अधिकारी भाषणं करतील आणि एक फलक देतील. पण हॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे त्यांचे जुने खेळाडू. पन्नाशी उलटलेला तो उंच गृहस्थ आठवतो ना, ज्याने आपल्या मुलांसमोर पँट गुडघ्यापर्यंत वर करून ऑपरेशनची खूण दाखवली? तो म्हणाला, "सर्जन माझ्याबरोबर दोन तास होते. पुढचे नऊ महिने रोज सकाळी सहा वाजता हे होते." आधी गुडघा पूर्ण सरळ करायचा, मग मांडीचा स्नायू जागा करायचा, मग एका पायावर तोल, मग सरळ धावणं, आणि धावताना वळणं, झटकन दिशा बदलणं अगदी शेवटी. हे सगळं तो पाठ असल्यासारखं सांगत होता. आणि ती बास्केटबॉलवाली! डोक्याला मार लागला म्हणून सरांनी तिला शेवटच्या सामन्यात उतरू दिलं नव्हतं, आणि ती वर्षभर त्यांच्याशी बोलली नव्हती. आता ती आपल्या मुलीला घेऊन इतक्या लांबून आली होती. तिने भाषण केलं नाही, नुसती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

मला सगळ्यात जास्त भरून आलं ते वेगळ्याच वेळी. सरांच्या हाताखाली शिकून जे ट्रेनर झाले, त्यांनी उभं राहा असं कुणीतरी सांगितलं, आणि हॉलचा केवढा तरी भाग उभा राहिला. कुणी शाळांमध्ये, कुणी दुसऱ्या कॉलेजांत, कुणी व्यावसायिक संघात. त्यात तू. माझ्या शेजारच्या बाईंना मी न विचारताच सांगितलं, "तो निळ्या शर्टातला माझा."

नंतर सरांच्या बायकोशी बोलत बसले होते. साधी, मोकळी बाई आहे. ती म्हणाली, आता पहिल्यांदा पानगळीत कुठे फिरायला जाऊ, इतकी वर्षं शरद ऋतू म्हणजे फुटबॉल. तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. पण सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये होत्या. स्वतःच्या गोळ्या त्यांच्या लक्षात राहत नाहीत म्हणे. शंभर खेळाडूंपैकी कुणाला दमा आहे, कुणाला मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे, कुणाच्या रक्तात सिकल सेल आहे, हे त्या माणसाला तोंडपाठ.

सोनू, तू पडलास त्या दिवशी तुझं तापमान कुणी घेतलं होतं का?

मी हे उगाच विचारत नाही. तूच मला सगळं समजावलंस. मिनेसोटा वायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोरी स्ट्रिंगर 2001 मध्ये सराव शिबिरात उष्माघाताने गेला, तेव्हा 27 वर्षांचा होता. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात 2010 मध्ये संस्था सुरू झाली. खेळाडू कोसळला आणि शरीराच्या आतलं तापमान 105 अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर असेल, तर अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही, तिथेच बर्फाच्या पाण्याच्या टबात घालायचं, अर्ध्या तासाच्या आत 102 पर्यंत आणायचं. आधी थंड करा, मग हलवा. कपाळावर, काखेत लावलेल्या थर्मामीटरवर विसंबायचं नाही, हेही तूच सांगितलंस. मेरीलँड विद्यापीठातला जॉर्डन मॅकनेर 2018 मध्ये सरावात कोसळला, 19 वर्षांचा पोर, त्याला वेळेवर गार पाण्यात घातलं गेलं नाही आणि दोन आठवड्यांनी तो गेला. ती बातमी आली तेव्हा तू आमच्याकडे जेवायच्या टेबलावर अन्नाला शिवला नव्हतास. "हे टाळता येतं आई, हे पूर्णपणे टाळता येतं" असं सारखं म्हणत होतास. मग ऑगस्टच्या त्या उन्हात, सगळ्यांच्या बाटल्या भरणारा माणूस स्वतः पाणी प्यायला आहे की नाही, हे कोण बघत होतं?

बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि पुन्हा तेच. राग मानू नकोस. बाबांच्या वेळीही "काही नाही, थोडं दमलोय" असंच होतं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

बाबांवरून आठवलं. तू पहिल्या वर्षाला होतास आणि सुट्टीत घरी आला होतास. घोट्याला टेप बांधायचा सराव करायला तुला कुणीतरी हवं होतं, आणि ताई पळून गेली. बाबा सोफ्यावर पाय लांब करून बसले. आधी तो पातळ फोम गुंडाळलास, मग वर आणि खाली अँकर म्हणजे आधाराच्या पट्ट्या, मग टाचेखालून जाणाऱ्या पट्ट्या, मग आठच्या आकड्यासारखे वेढे, शेवटी टाचेला दोन्हीकडून लॉक. एक सुरकुती राहिली की सगळं कापून पुन्हा पहिल्यापासून, कारण सुरकुतीखाली फोड येतो. तुझी बोटं टेप फाडून फाडून टोकाला सोलली होती. बाबांनी त्या रात्री ते काढूच दिलं नाही, पोराने बांधलंय म्हणून तसेच झोपले. तू काय होणार आहेस, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

तुला आता सरांची जागा देऊ केली आहे आणि तू ठरवू शकत नाहीस, हेही मला तुझ्या त्या असिस्टंटकडूनच कळलं. (तिच्यावर चिडू नकोस.) मी घाबरले आहे म्हणून तू नाही म्हणावंस, असं मला मुळीच वाटत नाही. तुझ्या कामाचा मला केवढा अभिमान आहे, हे मी तुला कधी नीट सांगितलंय की नाही कोण जाणे. 2 जानेवारी 2023 च्या रात्री बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचा डामार हॅमलिन हृदय थांबून मैदानावर पडला, तेव्हा आपण फोनवर होतो. टीव्हीवर सगळे खेळाडू गोल करून रडत उभे होते, आणि तू हळू आवाजात म्हणालास, "आत कुणीतरी छाती दाबतंय आई, ते थांबले नाहीत म्हणजे झालं." ते बिल्सचे असिस्टंट ट्रेनर डेनी केलिंग्टन होते. तेही आधी कॉलेजांमध्येच काम केलेले. मुलगा वाचला, पुन्हा खेळला. त्या रात्री मला कळलं की तुझ्या कमरेच्या त्या पिशवीत काय काय असतं, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्सच्या गेटपर्यंतची रंगीत तालीम कशासाठी करता.

मोंटाना विद्यापीठाच्या नेझबी राइनहार्ट यांची गोष्टही तू सांगितली होतीस. 1935 ते 1982, एकाच कॉलेजात. एक कृष्णवर्णीय माणूस, त्या काळात, इतकी वर्षं ट्रेनर. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा तुमची राष्ट्रीय संघटनासुद्धा नव्हती, ती 1950 मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या कामाला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली ती 1990 मध्ये, म्हणजे ते निवृत्त झाल्यावर. मान्यता नाही, नाव नाही, आणि तरी माणूस रोज सकाळी येऊन पोरांचे घोटे बांधतोय. सरांना बघताना मला सारखे तेच आठवत होते. तू त्या माळेतला आहेस.

पण तुझा काळ वेगळा आहे, आणि तो तू वापरावास. 2016 मध्ये मोठ्या कॉन्फरन्सेसनी, म्हणजे कॉलेज-संघांच्या मोठ्या गटांनी, नियमच केला की खेळाडूला उतरवायचं की नाही, हा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनरचा, त्यात कोचने पडायचं नाही. सरांना हे सगळं निव्वळ स्वतःच्या वजनावर निभवावं लागलं. तुझ्यापाशी कागद आहे. कोच ओरडला तर ओरडू दे, तू तुझ्या आवाजात बोल. आणि रोज रात्री अकराला ट्रेनिंग रूमचं कुलूप तूच लावलं पाहिजेस, असं कुठेही लिहिलेलं नाही. तुझ्या असिस्टंटला किल्ली दे. तिला यायचंच आहे, मी विचारलं.

झालंच माझं पुन्हा व्याख्यान. तुला मैदानाचं मी काय सांगणार?

तरी एक सांगतेच. ऑफर स्वीकार, पण सही करण्याआधी माणसं माग. किती खेळाडूंमागे, कोणत्या खेळाला किती ट्रेनर असावेत, याचे तुमच्या संघटनेचेच निकष आहेत, ते छापून घेऊन जा. आणखी दोन माणसं लेखी कबूल करून घे, "पुढच्या वर्षी बघू" यावर उठू नकोस. नवीन माणसाचं पहिल्या दिवशी जितकं ऐकतात, तितकं नंतर ऐकत नाहीत. आणि स्वतःची पूर्ण तपासणी, हृदयाची सुद्धा, बाबांचा इतिहास डॉक्टरांना सांगून, या महिन्यात. खेळाडूंची सीझनआधी होते ना, तशीच. रिपोर्ट मला पाठव. नुसतं "नॉर्मल आहे" असं लिहू नकोस, आकडे पाठव.

ताई पुढच्या रविवारी येते आहे, तेव्हा संध्याकाळी फोन कर. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, तूच सांग.

तुझी,
आई