जोडीजोडीनं ऐकायची गाणी

मेम्फिस

प्रिय आई-बाबा,
सा. न.

पार्सल पोचल्याचं दादानं कळवलं. गुडघ्याचे पट्टे आईचे, जाड मोजे बाबांचे, आणि छोट्या डबीतला पेनड्राइव्ह दोघांचा. दादाकडून तो हॉलमधल्या स्पीकरला लावून घ्या. त्यात रॉक अँड रोलची गाणी आहेत. बाबा, लगेच तोंड वाकडं करू नका, आधी पत्र पुरतं वाचा.

कॉलेजात असताना मी एल्विस प्रेस्लीची कॅसेट लावली की तुम्ही आतून ओरडायचात, "तो धांगडधिंगा बंद कर." मी बंद करायचे. पुढे नोकरी आणि संसाराच्या नादात ती गाणी मागेच पडली. इथे अमेरिकेत, मेम्फिसला राहायला आल्यावर मात्र ती टाळणं शक्यच नव्हतं, हे गावच त्या गाण्यांचं आहे. फक्त आता मी ती तुमच्या पद्धतीनं ऐकते. एकच चीज दोन घराण्यांच्या गवयांची, लागोपाठ, आणि मध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी तुमची शिस्त होती ना? पेनड्राइव्हवर गाणी तशीच जोडीजोडीनं ठेवलीत. आधी मूळ गायक, मग ते गाणं उचलणारा.

पहिली जोडी 'दॅट्स ऑल राइट'ची. मूळ गाणं आर्थर क्रुडप या मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय गायकाचं, १९४६ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेलं. सावकाश, जरा दमलेल्या आवाजातलं. नंतर ५ जुलै १९५४चं एल्विसचं. ते जिथे झालं तो सन स्टुडिओ इथे युनियन अव्हेन्यूवर अजून आहे. मी पाहून आले. भिंतींना आणि छताला आवाज शोषणाऱ्या पांढऱ्या फरश्या, आणि खोली एवढी लहान की आपली भिशी तिथे दाटीवाटीनंच बसेल. त्या दिवशी एकोणीस वर्षांचा एल्विस संथ गाणी म्हणून म्हणून कंटाळला होता. काही जमत नव्हतं. मधल्या सुट्टीत त्यानं गंमत म्हणून हे गाणं भरधाव म्हणायला घेतलं. बिल ब्लॅकनं बास उचलला, स्कॉटी मूरनं गिटार. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स आतल्या खोलीतून बाहेर डोकावला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवा म्हणाला. झालं एवढंच.

बाबा, यात ड्रम नाहीत हे तुमच्या लक्षात येईल का, ते मला बघायचंय. ठेका सगळा बिल ब्लॅकच्या उभ्या बासवर आहे. तो तार ओढतो आणि ती पट्टीवर आपटू देतो, त्याचा तो टक्-टक् आवाज. शिवाय आवाजाला जी हलकी दुसरी सावली आहे, तीही नीट ऐका. फिलिप्सकडे दोन टेपमशीनं होती. एकावर गाणं चालू असताना तेच दुसऱ्यावर जायचं. मशीनचं मुद्रण करणारं आणि वाजवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं, तेवढ्या उशिरानं परत आलेला आवाज तो मूळ आवाजात मिसळायचा.

आणखी एक सोय म्हणजे ही गाणी सगळी मोनो आहेत. कानाचं मशीन डाव्या कानाला नीट बसत नाही आणि नव्या रेकॉर्डिंगमधलं अर्धं ऐकूच येत नाही, ही तुमची तक्रार इथे चालणार नाही. दोन्ही कानांत एकच येतं.

क्रुडपला या गाण्याचे हक्काचे पैसे धड कधी मिळाले नाहीत. गाण्यावर पोट भरेना म्हणून तो मजुरी करत राहिला, आणि १९७४ साली गेला. हे कळल्यापासून मी पहिलं गाणं जास्त वेळा लावते. एल्विसचं तरीही थोर आहे. चोरी म्हणून ते निकालात काढावं असं मला वाटत नाही. नव्या लयीत त्यानं ते खरोखर नवं केलं.

दुसऱ्या जोडीबद्दल मात्र मी एवढी उदार नाही. आई, ही तुझ्यासाठी. 'हाउंड डॉग' १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या धिप्पाड बाईनं गायलं. गाण्यात ती एका ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढतेय. आवाजात अशी जरब की तो माणूस पिशवी घेऊन निघालेला दिसतो. शेवटी साथीदार कुत्र्यांसारखे भुंकतात, विव्हळतात. १९५६च्या एल्विसच्या गाण्यात शब्द बदललेत आणि त्या पुरुषाचा खराखुरा कुत्रा झालाय. ढोलताशे जोरात, पण बाईच्या जागी बाप्या आला आणि गाण्यातलं भांडणच निघून गेलं. जगभर खपलं ते हेच.

तिसरी जोडी फॅट्स डॉमिनो आणि पॅट बून यांची. त्या काळी गोऱ्यांची बरीच रेडिओ केंद्रं कृष्णवर्णीयांच्या तबकड्या लावत नसत, म्हणून कंपन्या तेच गाणं एखाद्या गोऱ्या, गोड पोराकडून म्हणवून घेत. १९५५ साली 'एन्ट दॅट अ शेम' बूनच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर गेलं. डॉमिनोचा पियानो ऐका, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करत तो कसा डुलत जातो, आणि मग बून ऐका. अगदी इस्त्री केल्यासारखं गाणं. एकदा ऐकलं तरी पुरे.

तरी रेडिओला भिंती घालता आल्या नाहीत. बसमध्ये, शाळेत, हॉटेलात गोऱ्या-काळ्यांच्या जागा वेगळ्या होत्या, पण रात्री कुठलं स्टेशन लावायचं हे घरातली पोरंच ठरवत. मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे केंद्र १९४९पर्यंत पूर्ण कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालायला लागलं होतं, आणि ते गोरी पोरंही चोरून ऐकत. तुम्हाला नाही का, आकाशवाणीवर सिनेसंगीत बंद झालं तेव्हा सगळ्या देशानं रेडिओ सिलोनला सुई लावली होती? त्या वेळचे मंत्री केसकर आपलेच, पुण्याचे.

त्यानंतर काही सुटी गाणी आहेत. 'रॉकेट ८८' १९५१चं, सॅम फिलिप्सकडेच झालेलं. वाटेत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्याच्या स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबले आणि तसंच वाजवलं. जो घरघरता आवाज निघाला तो पुढे लोक मुद्दाम काढायला लागले. जॉनी कॅशच्या गाण्यात ड्रमचा भास होतो तो गिटारच्या तारांत अडकवलेल्या कागदाचा आहे. आणि बडी हॉलीचं 'एव्हरीडे' बाबांनी दोनदा ऐकावं. त्यात ड्रमवाला जेरी अ‍ॅलिसन ड्रम न वाजवता नुसत्या मांड्यांवर थापा मारतोय. सवाई गंधर्वला बसून तुम्ही जे करता आणि आई ज्यासाठी तुम्हाला कोपर मारते, तेच. हॉली बिचारा बाविसाव्या वर्षी, ३ फेब्रुवारी १९५९ला विमान पडून गेला.

आई, तुझ्यासाठी वेगळा फोल्डर केलाय. त्यात सी. रामचंद्रांचं १९५७चं 'ईना मीना डीका' आहे, किशोरचंही आणि आशाताईंचंही. तू ते भांडी लावताना म्हणतेस, पण त्यातला ट्रंपेट आणि सॅक्सोफोन आता मुद्दाम ऐक. मुंबईच्या सिनेवाद्यवृंदात ही वाद्यं बरीचशी गोव्याच्या वादकांच्या हातात होती. अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, जवळचा ट्रंपेटवाला चिक चोकोलेट मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा. 'अलबेला'त भगवानदादांच्या मागे त्याचा बँड दिसतोसुद्धा.

आणि तुम्ही वाईच्या लोकांनी उगाच परकं वाटून घेऊ नये. पसरणी घाट चढून गेलं की पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकाच्या अखेरीस एक पारशी मुलगा मित्रांना जमवून लिटल रिचर्डची गाणी पियानोवर वाजवायचा. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

शेवटची जोडी एकाच गाण्याची नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. त्यात सत्तावीस संगीतरचना आहेत. त्यांत चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. केसरबाई त्याच सप्टेंबरात गेल्या. निवड चालू असताना लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी रॉक अँड रोलला हरकत घेतली, हे पोरकट आहे म्हणून. बाबा, अगदी तुमच्याच सुरात. त्यावर निवड करणाऱ्यांचे प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं उत्तर असं, की पृथ्वीवर पोरं पुष्कळ आहेत. तेव्हा केसरबाईंनी गेली इतकी वर्षं ज्याच्याबरोबर एका तबकडीत काढली, त्याला तुम्ही अडीच मिनिटं द्यायला हरकत नसावी.

ही भैरवी तुमच्या तबकड्यांत आहे का, तेवढं कपाटात बघून ठेवा. आणि कपाटावर चढायला दादाला सांगा, स्टुलावर स्वतः उभे राहू नका.

रविवारी फोन करते. तोवर निदान पहिल्या दोन जोड्या ऐकून झालेल्या असू द्यात. आई, तुझं मत आधी ऐकीन, बाबांनी काय म्हटलं ते मनात न धरता सांग.

तुमची,
मनू