खुर्ची दिली, चेकबुक कोणाकडे?

महोदय,

चिनी कारखान्यांच्या वेगाबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा सरकारी धोरण, स्वस्त मजुरी आणि बंदरं यांच्यावर भर असतो. पण तिथले कितीतरी कारखाने घरचे आहेत. १९७८ नंतर चीनने खासगी धंद्याला दिलेल्या मोकळीकीत बापाने उभे केलेले, आणि तेव्हाच्या एक-मूल धोरणामुळे पुष्कळदा एकुलत्या एका वारसाकडे जाणारे. त्यांच्यात बदल होतो की नाही, हे म्हातारा काय करतो त्यावर ठरतं. भोसरीतल्या एका घरगुती वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून हे लिहितो आहे.

निंगबोजवळच्या त्सशी इथल्या माओ लिश्यांग यांचं उदाहरण घ्या. गॅस पेटवायचे लायटर बनवून त्यांनी नाव कमावलं, पण पुढे स्पर्धकांनी भाव पाडले. शांघायला इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा माओ चोंगछून याला त्यांनी घरी बोलावलं. मुलाने अटी घातल्या: कारखाना गावातून हलवायचा, जुनी माणसं सोबत घ्यायची नाहीत, माल नवा. वडिलांच्या मनात मायक्रोवेव्ह होता, मुलाने किचनची चिमणी निवडली. नावावरूनही वाजलं. वडिलांना आपलं जमलेलं 'फेइश्यांग' हवं होतं. मुलाने हाँगकाँगच्या टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध बाईंच्या नावावरून 'फांगताय' घेतलं. १९९६ मध्ये नवी कंपनी निघाली ती मुलाच्या अटींवर.

'जुनी माणसं नकोत' ही अट ऐकायला सोपी आहे. ज्यांनी पहिल्या दिवसापासून घाम गाळला त्यांना ती सांगायची कोणी? माझ्या मते हे काम बापालाच शक्य होतं. पंचविशीतल्या पोराने सांगितलं असतं तर भावकी पेटली असती. पुढे वडिलांनी हिशेब ठेवला तो असा: तीन वर्षं बोट धरायचं, तीन वर्षं मदत करायची, तीन वर्षं नुसतं बघायचं. आधी नवा माल ठरवणं-घडवणं मुलाकडे, मग विक्री, शेवटी सगळा कारभार. मला यातलं 'नुसतं बघायचं' सगळ्यात अवघड वाटतं.

आमच्याकडे छोट्या शेठना केबिन मिळाली, पाटी लागली, पेढेही वाटले. पण खरेदीची प्रत्येक ऑर्डर संध्याकाळी मोठ्या शेठच्या घरी जायची. नवीन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचं कोटेशन चार महिने त्यांच्या टीपॉयवर पडून होतं. स्टोअरला मामा होते, ते छोट्या शेठच्या सहीवर माल सोडायचेच नाहीत. "दादांना फोन लावा" म्हणायचे. आम्हीही तेच शिकलो.

उलटंही घडतं. अमेरिकेत संगणक-कंपनी काढणारे आन वांग यांनी १९८६ मध्ये मुलाला अध्यक्ष केलं, १९८९ मध्ये त्यांनाच त्याला काढावं लागलं, आणि १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा रक्ताचाच माणूस हवा, हा हट्टही बरा नव्हे. एसी-पंखे वगैरे घरगुती उपकरणं बनवणाऱ्या चिनी 'मिडिया' कंपनीचे संस्थापक श्री. हे श्यांगच्येन ('हे' त्यांचं आडनाव) यांनी तो धरला नाही. १९६८ मध्ये ग्वांगदोंगमधल्या गावी २३ जणांनी ५,००० युआन जमवून बाटल्यांची झाकणं बनवायला सुरुवात केली, त्यांचे ते म्होरके. २०१२ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलाऐवजी फांग होंगबो यांना दिलं. हे गृहस्थ १९९२ मध्ये कंपनीत आले तेव्हा तिथलं अंतर्गत वार्तापत्र बघायचे! मालकी घरात राहिली, कारभार बाहेर गेला. नव्या अध्यक्षांनी मॉडेलं छाटली, माणसं कमी केली. थोरल्यांनी पाठीमागून एक फोन जरी फिरवला असता तरी हे जमलं नसतं.

याच मिडियाचा कारखाना आपल्या सुप्याच्या एमआयडीसीत आहे. आपल्या वार्ताहराने तिथल्या गुंतवणुकीचे आकडे छापताना, पुणे-नगर रस्त्यावरच्या घरगुती कारखान्यांत चेकवर सही कोण करतं, हेही एकदा विचारून यावं.

आपला,
एक निवृत्त वर्क्स मॅनेजर, भोसरी